जाताना वारा तोंडावर, येताना पाठीवर: दोघांनी समुद्रकाठचं शहर कसं फिरावं

प्रश्न थोडक्यात असा: "आम्ही दोघं पन्नाशीच्या अलीकडे-पलीकडे. नवरा आठवड्यातून तीन-चार दिवस सायकल चालवतो, मी शाळा सुटल्यापासून हँडल धरलेलं नाही. समुद्रकाठच्या एका शहरात चार दिवस राहणार आहोत. टॅक्सी न करता भाड्याच्या सायकलीवर आणि पायी फिरायचं आहे. रोज किती अंतर धरावं, सायकल कुठे आणि चालणं कुठे, मी ई-सायकल घ्यावी का, आणि मुख्य म्हणजे भांडण न होता हे कसं जमवावं?"

शेवटच्या प्रश्नापासून सुरू करते, कारण बाकीचे त्याच्याच पोटात आहेत. मी आणि माझा नवरा वीसेक वर्षं असे फिरतोय. मधली काही वर्षं मी लहान गटांना सायकलवरून शहरं दाखवायचं कामही केलं. त्या काळात जोडप्यांची जी भांडणं पाहिली, ती जवळजवळ सगळी दुपारी दोन ते पाचच्या मधली. सकाळी कुणी भांडत नाही. म्हणून आधी दुपारी काय बदलतं ते बघू.

वारा बदलतो. शाळेत भूगोलात 'खारे वारे आणि मतलई वारे' अशी दोन गुणांची टीप असायची, ती आठवा. उन्हाने जमीन लवकर तापते, पाणी सावकाश. जमिनीवरची हवा हलकी होऊन वर जाते आणि तिच्या जागी समुद्रावरची गार हवा आत शिरते, ते खारे वारे. निरभ्र दिवशी हा वारा साधारण दहा-अकराला जागा होतो, दोन ते चारच्या दरम्यान भरात असतो आणि ऊन उतरलं की ओसरतो. रात्री उलटा मतलई वारा सुटतो, पण तो बराच दुबळा.

आता हिशोब करा. तुम्ही ताशी १५ किलोमीटरने चालला आहात आणि समोरून ताशी २० चा वारा आहे. अंगावर येणारी हवा ताशी ३५ ची झाली. हवेचा रोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे सकाळच्या निवांत हवेच्या मानाने तो पाचपटीहून जास्त. रस्ता तोच, सपाट, आणि तुम्ही मात्र धापा टाकत ताशी आठवर. रोज सायकल चालवणाऱ्या नवऱ्याला वाटतं, 'थोडा वारा आहे.' तुम्हाला वाटतं, 'मला जमत नाहीये.' चढ असता तर दोघांनाही तो डोळ्यांनी दिसला असता, वारा दिसत नाही. नवरा एकदम पन्नास मीटर पुढे जाऊन थांबतो, वळून बघतो, तुम्ही पोचता आणि तुम्ही पोचताक्षणी तो निघतो. म्हणजे विसावा त्याला मिळाला, तुम्हाला नाही. असं तिसऱ्यांदा झालं की ठिणगी पडते.

यावर साधा तोडगा आहे. दिवसाची लांब फेरी अशी आखा की जाताना वारा तोंडावर आणि येताना पाठीवर येईल. काठाकाठाने जाणाऱ्या रस्त्यावर हे कसं ओळखायचं? सुरुवातीला खारा वारा समुद्राकडून सरळ आत येतो, म्हणजे तुम्हाला तो बाजूने लागतो. पण पृथ्वीच्या फिरण्यामुळे दिवसभरात त्याची दिशा सरकत जाते. उत्तर गोलार्धात समुद्राकडे तोंड करून उभे राहा. दुपार चढेल तसा वारा तुमच्या उजव्या हाताकडे सरकेल. म्हणजे पश्चिमेला समुद्र असेल तर दुपारचा वारा वायव्येकडून, पूर्वेला असेल तर आग्नेयेकडून. दक्षिण गोलार्धात नेमकं उलट, डाव्या हाताकडे. म्हणून उत्तर गोलार्धात सकाळी समुद्राकडे बघत उजवीकडे निघायचं आणि दुपारी परत फिरायचं. विषुववृत्ताजवळ हा परिणाम क्षीण होतो आणि मोसमी वारे किंवा वादळी हवा असेल तर सगळंच बिनसतं. पण साध्या उन्हाच्या दिवशी मी या उजव्या हाताच्या हिशोबावर डोळे मिटून भरवसा ठेवते. डोंगर किंवा उंच इमारतींची रांग वारा वाकवते, तेव्हा खात्री करायला बंदरातल्या नांगरलेल्या होड्या बघा. पाण्याची ओढ फारशी नसेल तर एकेका दोराने नांगरलेल्या सगळ्या होड्यांची नाकं वाऱ्याकडे असतात.

पुढे कोण, मागे कोण, हेही आधीच ठरवा. आमचा नियम दोन ओळींचा आहे. एरवी सावकाश चालवणारी व्यक्ती पुढे आणि वेग तिचा. तोंडावर वारा असेल तेव्हा मात्र दमदार माणूस पुढे आणि दुसरी व्यक्ती त्याच्या आडोशाला, सायकलभर अंतर ठेवून. आडोशात बसणाऱ्याची मेहनत चांगलीच वाचते. पण पुढच्याने अचानक ब्रेक लावायचा नाही, खड्डा दिसला की हाताने दाखवायचा आणि दर दोन मिनिटांनी मागे बघायचं. अंतर पडलं की आडोसा संपला. तुमच्या नवऱ्याला पुढे राहायची सवय असणार, त्याला सांगा की वाऱ्यात पुढे राहणं ही त्याची कामगिरी आहे, बाकी वेळी मागे राहणंही. आणि थांबल्यावर निघायची वेळ मागून आलेल्याने ठरवायची. हे एवढंसं कलम आमच्या घरी सगळ्यात जास्त उपयोगी पडलं आहे.

दोघांनी मिळून एकच दोन-सीटची सायकल घ्यावी का, असंही लोक विचारतात. हौस म्हणून तासभर घ्या. मागे बसलेल्याला पुढच्याची पाठ सोडून काही दिसत नाही, आणि शहर बघायला गेलेल्या माणसाला ते परवडत नाही.

आता सायकल ताब्यात घेताना. ही पंधरा मिनिटं कंजूषी करू नका. सीटची उंची: सीटवर बसून टाच पॅडलवर टेकवा, पॅडल सगळ्यात खाली असताना पाय सरळ व्हायला हवा. मग चवड्याने चालवताना गुडघा किंचित वाकलेला राहतो. नवख्या लोकांना दोन्ही पाय जमिनीला टेकतील अशी सीट हवी असते. पहिल्या तासाला ती बरी वाटते, तिसऱ्या तासाला गुडघे बोलू लागतात. तुम्ही पहिल्या दिवशी दोन बोटं खाली ठेवा, हात बसला की दुसऱ्या दिवशी वर घ्या. टायर अंगठ्याने दाबून बघा, चेन उलटी फिरवून खरखर ऐका.

आणि ब्रेक. भारत, ब्रिटन, जपान इथे उजव्या हाताचा ब्रेक पुढच्या चाकाचा असतो. अमेरिकेत आणि युरोपच्या मुख्य भूमीवर बहुतेक ठिकाणी डाव्या हाताचा पुढचा. आपण उजवीकडे वळणारा हात दाखवायला उजवा हात सोडतो, डाव्याने सवयीने करकचून दाबतो, आणि मागचं चाक हवेत. डेन्मार्क, नेदरलँड्ससारख्या देशांत तर भाड्याच्या कितीतरी सायकलींना मागचा ब्रेक हातात नसतोच, पॅडल उलटं दाबलं की सायकल थांबते. माझ्या नवऱ्याला सिग्नलला उभं राहण्याआधी पॅडल उलटं फिरवून पाय 'तयार' करायची सवय आहे. अशा सायकलीवर पहिल्याच चौकात तो जागच्या जागी खिळला आणि मी मागून त्याच्या कॅरिअरवर जाऊन आदळले. लागलं कुणालाच नाही, पण माझ्या पुढच्या चाकाचा मडगार्ड संध्याकाळपर्यंत टकटक करत होता. म्हणून रहदारीत उतरण्याआधी मोकळ्या जागेत दहा वेळा थांबा, दहा वेळा निघा.

कुलूप: दोन सायकली एकमेकींना बांधून मोकळं होऊ नका, त्या जोडीने उचलल्या जातात. फ्रेम आणि चाक दोन्ही घेऊन, जमिनीत रोवलेल्या वस्तूला बांधा.

सायकल कुठे आणि पाय कुठे, याचं माझं उत्तर असं: काठ सायकलने, गाभा पायी. बंदराची शहरं सहसा एकाच तऱ्हेने वाढलेली असतात. बंदराला चिकटून जुनं गाव, अरुंद आणि वाकड्या गल्ल्यांचं. त्याभोवती नंतरची सरळ रस्त्यांची वस्ती. आणि पाण्याच्या कडेने गोद्या, गुदामं, मग चौपाटी, मग दीपगृह, असा लांबच लांब पट्टा. पट्टा सपाट असतो आणि अंतरं मोठी असतात, तिथे चालून पाय झिजवण्यात अर्थ नाही. जुन्या गावात दर पन्नास पावलांना थांबायचं असतं, तिथे सायकल म्हणजे हातातलं ओझं.

बार्सिलोनात हा फरक नकाशावरच दिसतो. इल्देफोन्स सेर्दाने १८५९ साली आखलेल्या भागात चौकोनी ठोकळे सुमारे ११३ मीटरचे, कोपरे तासलेले, रस्ते रुंद. तिथे आणि समुद्रकाठाला सायकल मजेत चालते. तिथून जुन्या गॉथिक भागात शिरलात की ठोकळा, कोपरा, दिशा सगळं विसरायचं. सायकली बाहेर बांधायच्या आणि आत हरवायचं. समुद्रकाठच्या शहरात हरवणं फारसं धोक्याचं नसतं, कारण बहुतेक ठिकाणी उतार धरला की पाणी लागतं आणि पाणी लागलं की उजवं-डावं कळतं. आमची तर पैज असते, जुन्या गावात शिरल्यावर तासभर मोबाइल खिशातून काढायचा नाही.

टेकड्यांवर वसलेलं शहर असेल, लिस्बनसारखं, तर हाच नियम आणखी कडक पाळा. तिथे टागस नदीच्या कडेने बेलेंकडे जाणारा पट्टा सपाट आहे, तो सायकलने करा. वरच्या वस्त्यांत ट्राम किंवा लिफ्टने जा आणि उतार पायी उतरत या. ट्रामच्या रुळांबद्दल एक गोष्ट मनावर घ्या. रूळ ओलांडताना चाक त्यांना जमेल तितकं काटकोनात हवं. तिरपं गेलात तर चाक खाचेत बसतं आणि तुम्ही आडव्या. पाऊस पडून गेला असेल तर खाली उतरून हातात धरून ओलांडा. यात कमीपणा काही नाही, मी अजून तेच करते.

कुठल्याही शहरात पहिल्या सकाळी अर्धा तास नुसतं उभं राहून तिथले सायकलवाले काय करतात ते बघा. कोपनहेगनमध्ये डावीकडे वळायचं असेल तर सायकलवाला रस्त्याच्या मध्ये घुसत नाही. आधी सरळ चौक ओलांडतो, पलीकडच्या कोपऱ्यावर थांबतो आणि तिथला सिग्नल मिळाला की डावीकडे निघतो. थांबायचं असेल तर हात वर करतो. हे माहीत नसलेला पाहुणा मागच्या वीस जणांची शिस्त मोडतो आणि त्यांचे कटाक्ष सोसतो. त्या शहरात बंदराभोवती १३ किलोमीटरची एक सायकल फेरी आहे. ती पहिल्या दिवशीची फेरी म्हणून मला आदर्श वाटते: सपाट, पाण्याच्या सोबतीने, आणि मधल्या पुलांवरून कुठूनही आखडती घेता येणारी. तुमच्या शहरातही पहिल्या दिवसासाठी असंच काहीतरी शोधा. लांबी महत्त्वाची नाही, मध्येच सोडता येणं महत्त्वाचं.

उलट उदाहरण व्हँकुव्हरच्या स्टॅन्ली पार्कचं. तिथल्या समुद्रभिंतीसारख्या सायकलने फिरण्याजोग्या जागा जगात थोड्या आहेत. नऊ-दहा किलोमीटरचा फेरा, चालणाऱ्यांची पट्टी बहुतांशी वेगळी आणि सायकलींना एकच दिशा, घड्याळाच्या काट्यांच्या उलट, त्यामुळे पाणी सतत उजव्या हाताला. ही भिंत १९१७ साली बांधायला घेतली आणि फेरा पूर्ण झाल्याचं जाहीर झालं १९७१ साली. जेम्स कनिंगहॅम नावाच्या गवंड्याने आयुष्यातली तीसेक वर्षं तिच्या दगडांवर काढली. थांबून सांधे बघा, दगड काय नेटका बसवलाय. पण एकेरी रस्ता म्हणजे अर्ध्यावर दमलात तरी परत फिरता येत नाही. लायन्स गेट पुलाखालून पुढे पश्चिमेच्या कडेला आलं की आडोसा संपतो आणि वारा अंगावर येतो. अशी फेरी दुसऱ्या किंवा चौथ्या दिवशी, सकाळी.

वाऱ्याला बगल द्यायचा आणखी एक मार्ग म्हणजे फेरी बोट. जाताना सायकल, येताना बोट. सॅन फ्रान्सिस्कोत गोल्डन गेट पूल ओलांडून सॉसालिटोला उतरायचं आणि सायकली बोटीत चढवून परत यायचं, हा कित्येक पाहुण्यांचा ठरलेला कार्यक्रम आहे. १९३७ साली खुला झालेला तो पूल सुमारे २.७ किलोमीटरचा, आणि पॅसिफिकवरचा वारा त्यावर आडवा लागतो. खरी गंमत मनोऱ्यांपाशी. मनोऱ्याच्या आडोशाला आलात की वारा एकदम बंद होतो, तुम्ही वाऱ्याकडे रेललेल्या असता, तोल जातो. सावरून पुढे निघता तर पलीकडून थप्पड बसल्यासारखा पुन्हा येतो. तिथे वेग कमी करा, दोन्ही हात हँडलवर, फोटो नंतर. बोटीबद्दल दोन गोष्टी निघण्याआधीच विचारून घ्या: सायकली घेतात का आणि किती, आणि शेवटची बोट किती वाजता. छान उन्हाच्या दिवशी रांग लागते, म्हणून शेवटच्या बोटीवर कधीच विसंबायचं नाही, शेवटून दुसरी धरायची.

भरती-ओहोटी मी मुद्दाम स्वतंत्र सांगते, कारण नकाशात ती नसते. भूमध्य समुद्रावर बहुतेक ठिकाणी ती नगण्य. पण फ्रान्समधल्या सेंट मालोसारख्या गावी उधाणाला पाणी १२ मीटरहून जास्त वर-खाली होतं. तटबंदीच्या आतलं ते गाव १९४४ साली लढाईत बेचिराख झालं आणि दगडावर दगड ठेवून पुन्हा उभं केलं. तटावरून पूर्ण चक्कर चालत मारता येते, ती माराच. समोर ग्रां-बे नावाचं लहानसं बेट आहे. ओहोटीला वाळू आणि दगडी वाट उघडी पडते आणि तिथे पायी जाता येतं. वर एका फ्रेंच लेखकाची समाधी आहे, समुद्राकडे तोंड करून.

आम्ही सायकली चौपाटीच्या कठड्याला बांधल्या आणि चालत गेलो. वर गवतात बसलो, संत्री सोलली, नवऱ्याने डुलकी काढली. मी खाली बघितलं तेव्हा वाटेच्या दोन्ही बाजूंना पाणी चमकत होतं, पण वाट अजून कोरडी दिसत होती. उतरेपर्यंत मधल्या खोलगट भागात ते एकमेकांना भेटलं होतं. बूट हातात घेऊन आम्ही धावलो, नडगीभर पाण्यातून. गणित नंतर केलं. भरतीच्या साधारण सहा तासांत पाणी सारखं चढत नाही. पहिल्या तासात एकूण चढाचा बारावा भाग, दुसऱ्यात दोन, तिसऱ्या-चौथ्यात तीन-तीन, मग पुन्हा दोन आणि एक. १२ मीटरच्या चढाला तिसऱ्या तासात तीन मीटर, म्हणजे मिनिटाला पाच सेंटिमीटर. टाचेपासून गुडघ्यापर्यंत दहा मिनिटं. 'अजून कोरडं आहे' या वाक्याला तिसऱ्या तासात काही किंमत नसते. ओहोटीची वेळ बघा, तिच्या आधी जा आणि पाणी फिरलं की उठा. वेळ रोज पन्नासेक मिनिटांनी पुढे सरकते, त्यामुळे कालची वेळ आज चालत नाही. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास आणखी सावध.

अंतराचं विचारलंत. सायकलवर तुमचा चालता वेग ताशी १२ धरला, तरी थांबे, फोटो, चुकलेली वळणं धरून दिवसाची सरासरी सात-आठ पडते. पायी बघत फिरताना ताशी दोन-अडीच, त्याहून जास्त नाही. पहिल्या दिवशी सायकल १२ ते १५ किलोमीटर, पायी दोन-तीन. दुसऱ्या दिवशी २५ पर्यंत चालेल. तिसऱ्या दिवशी सकाळी तुम्हाला सीटवर बसवणार नाही. हा नाजूकपणा नाही, नितंबाची हाडं सवय नसताना दोन दिवस सलग टेकली की दुखतातच. म्हणून तिसरा दिवस पूर्ण पायी ठेवा, जुन्या गावासाठी आणि संग्रहालयासाठी, आणि लांबची फेरी चौथ्या दिवशी. अस्तर लावलेली सायकलची चड्डी घेतलीत तर तिच्या आत दुसरी चड्डी घालू नका, शिवण काचते आणि सगळा उपयोग जातो. ऊन वाऱ्यामुळे जाणवत नाही, मनगटं आणि मान रात्री सांगतात. पूर्वेला समुद्र असेल तर पहाटेची एक फेरी ठेवा, पश्चिमेला असेल तर संध्याकाळ. फक्त सूर्य क्षितिजाला टेकलेला असताना त्याच्याकडे तोंड करून रहदारीच्या रस्त्यावर चालवू नका, मागून येणाऱ्या गाडीवाल्याच्याही डोळ्यांवर तोच सूर्य असतो.

राहिली ई-सायकल. घ्या, आणि फक्त तुम्ही घ्या. नवऱ्याला साधीच असू दे, म्हणजे दोघांची ताकद आपोआप सारखी होईल. युरोपात नेहमीच्या ई-सायकलची मोटर २५० वॉटची असते आणि ताशी २५ ला मदत बंद होते. तुम्हाला त्याच्या निम्मीही लागणार नाही. मदत कमीतकमी पायरीवर ठेवा, वारा तोंडावर आला की एक पायरी वाढवा. वजन मात्र वीस-पंचवीस किलो असतं, त्यामुळे पायऱ्यांचे पूल आणि बोटीची उभी फळी तिच्याबरोबर अवघड. आणि बॅटरी किती उरली हे वारा पाठीवर असताना बघून पुढचा बेत करू नका. तेव्हा काटा हलत नाही, आपल्याला वाटतं आणखी दहा किलोमीटर सहज जाऊ. उलटं फिरून, पाच मिनिटं वाऱ्यात चालवून, मग बघा.